बाळाच्या हिरडीतला ‘किडा’ म्हणजे त्याचा सुळा

कंपालाहून एका आईने विचारलं आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे कुटुंब दोन वर्षांपासून युगांडात आहे. मुलगा सात महिन्यांचा. तीन दिवस पातळ शी होते आहे, अंगात ताप आहे, दूध कमी पितो आहे. बाळाला सांभाळणाऱ्या बाईंनी त्याच्या तोंडात बोट फिरवून सांगितलं, “याला एबिन्यो झालंय. हे खोटे दात आहेत, आत किडे आहेत. माझ्या ओळखीची एक म्हातारी पाच मिनिटांत काढून देते. नाही काढले तर मूल हाती लागायचं नाही.” इकडे साताऱ्याहून सासूबाई फोनवर सांगताहेत, “दात येताहेत म्हणून जुलाब होताहेत, टाकणखाराची लाही मधातून हिरड्यांना चोळ.” आईने स्वतः उजेडात पाहिलं तर खालच्या हिरडीवर दोन्ही बाजूंना पांढुरके फुगवटे खरोखरच दिसले. आता ती घाबरली आहे. हे एबिन्यो नक्की काय असतं, आणि मी काय करू, असं तिने विचारलं आहे.

मी बालदंतवैद्य आहे. बावीस वर्षं हेच काम करते, त्यातली तीन वर्षं युगांडाच्या नैऋत्येला, म्बरारा भागातल्या एका मिशनरी रुग्णालयात काढली. एबिन्यो हा शब्द मी तिथल्या आयांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की तुमचा प्रश्न वाचताना पोटात गोळा आला. म्हणून आधी आजचं काम सांगते, बाकीचं मागून वाचलंत तरी चालेल.

बाळाला आजच डॉक्टरांकडे न्या. उद्यावर टाकू नका. कंपालात राहणाऱ्या बाळाला ताप आला की पहिल्यांदा मलेरियाची तपासणी. बोटातून थेंबभर रक्त घेतात, थोड्या वेळात निकाल कळतो. ती होईपर्यंत दाताचा विषय घरात कुणी काढायचा नाही. जुलाबासाठी ओआरएसची पुडी: पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धी पुडी अंदाजाने पेलाभर पाण्यात टाकायची नाही, जास्त खारट पाण्याने बाळाला अपाय होतो. दर पातळ शीनंतर अर्धी ते एक लहान वाटी, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि आणखी हळू द्यायचं. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून टाका. अंगावरचं दूध चालूच ठेवा, मागेल तितक्या वेळा पाजा. सहा महिन्यांपुढच्या बाळाला झिंक रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे.

टाळू खोल गेली, डोळे आत गेले, सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, बाळ मलूल पडून राहतं, प्यायला उठत नाही, शीमध्ये रक्त दिसतं, पोटावरची चामडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते: यातलं एकही दिसलं तर दवाखान्याची वेळ बघू नका, थेट रुग्णालय गाठा. लहान बाळ जुलाबाने दगावतं ते अंगातलं पाणी गेल्यामुळे, आणि ते काही तासांत होऊ शकतं.

आता एबिन्यो.

तुमच्या बाईंनी दाखवलेले ते फुगवटे म्हणजे बाळाचे दुधाचे सुळे. अजून बाहेर न आलेले, हिरडीखाली झाकलेले, अगदी नीट वाढत असलेले. सुळ्याचा कोंब बाळ पोटात असतानाच धरतो आणि आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या आसपास त्यावर कठीण थर चढायला लागतो. वरचं आवरण पुरं व्हायला बाळ साधारण नऊ महिन्यांचं व्हावं लागतं, आणि तो हिरडीतून डोकावतो तो सोळा ते बावीस-तेवीस महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे पाच-सहा महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत हा दात आतच असतो. त्याची जागा जबड्याच्या वळणावर, तिथे हाड पातळ, त्यामुळे तो बाहेरच्या बाजूला उठून दिसतो. हिरडी तिथे ताणलेली, म्हणून फिकी. तुमच्या पुतणीच्या, भाचीच्या, शेजारच्या बाळाच्या तोंडात याच वयात बघितलंत तर हेच दिसेल. फक्त साताऱ्यात कुणी तिथे बोट लावून बघत नाही.

युगांडाच्या काही भागांत, तसंच केनिया, टांझानिया, इथिओपिया, सुदान, दक्षिण सुदान, सोमालियात तिथे बोट लावून बघतात. टांझानियात १९८० च्या दशकात ‘मेनो या नायलॉनी’, म्हणजे नायलॉनचे दात, या नावाने याची मोठी भीती पसरली होती. पिंडबोर्ग या डॅनिश मुखरोगतज्ज्ञांनी युगांडातल्या मुलांच्या तोंडातल्या या खुणांवर १९६९ मध्ये लिहिलं, म्हणजे गोष्ट आजची नाही. समज असा की बाळाचा ताप, जुलाब, उलट्या या दातांमुळे होतात. हे दात काढले नाहीत तर मूल मरतं. मग गावातली एखादी जाणती बाई किंवा वैदू हिरडी फाडतो. हत्यार म्हणजे सायकलच्या चाकाची घासून टोकदार केलेली तार, खिळा, ब्लेड, चाकूचं टोक, कधी नुसतं वाढवलेलं नख. भूल नाही. हत्यार उकळलेलं नाही. एका बाळाचं झालं की तेच पुसून पुढच्याला.

आणि मग आत काय मिळतं? सात-आठ महिन्यांच्या बाळाचा सुळा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, अजून पुरती न घट्ट झालेली टोपी. तिच्याभोवती बुळबुळीत पांढुरकं आवरण असतं, मुळाचा पत्ताच नसतो. रक्तातून बाहेर काढून तळहातावर ठेवलं की ते अळीसारखं दिसतं, हे मी स्वतः बघितलंय. आईला ते दाखवतात आणि म्हणतात, बघ, हा किडा. घाबरलेल्या आईने का विश्वास ठेवू नये? डोळ्यांसमोर आहे ना.

एक दिवस सांगते. म्बराराजवळच्या एका खेड्यातून एक आई नऊ महिन्यांच्या मुलीला पाठीवर बांधून चालत आली होती. मुलीचे ओठ पांढरे फटक, श्वास भराभर, रडण्याचं त्राण नाही. तोंड उघडलं तर हिरड्यांत चार खड्डे, वर दोन, खाली दोन, कडेने काळं पडलेलं रक्त, आणि वास. तीन दिवसांपूर्वी काढलं होतं. रक्त तपासलं तर मलेरिया निघाला. म्हणजे ताप त्याचा होता, आणि ज्या दिवशी तिला मलेरियाचं औषध मिळायला हवं होतं त्या दिवशी तिची हिरडी फाडली गेली. आधीच मलेरियाने रक्त कमी झालेलं, त्यात हे. तिला रक्त चढवलं, शिरेतून औषधं दिली, मूल वाचलं.

दोन दिवसांनी आईने कमरेच्या कापडाची गाठ सोडली आणि वहीच्या पानात गुंडाळलेले चार कण माझ्यासमोर ठेवले. “डॉक्टर, हे किडे.” मी ते नळाखाली हळूच धुतले, बोटाने वरचं आवरण बाजूला केलं, तिच्याच तळहातावर ठेवले आणि भिंग तिच्या हातात दिलं. टोकदार, पांढरी, सुळ्याची चिमुकली टोपी. नंतर मी माझा ओठ वर करून माझा सुळा दाखवला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग विचारलं, “मग हे पुन्हा येतील?” मी म्हटलं, हे नाही येणार. दहा-अकराव्या वर्षी कायमचे येतात, त्यांना खाली धक्का लागला नसेल तर. तिने कागद पुन्हा घडी केला आणि गाठीत बांधला. फेकला नाही.

त्याच महिन्यात दुसरं एक बाळ आलं. जबडा आवळलेला होता, धनुर्वात. ते वाचलं नाही. तेव्हापासून हिरडी फाडलेलं कुठलंही बाळ आलं की मी पहिल्यांदा त्याच्या लसीकरणाचं कार्ड मागायला लागले.

रक्तस्राव आणि धनुर्वात हे दोन झाले. बाकी यादी डॉक्टरांना पाठ असते: जंतू रक्तात पसरणं, जबड्याच्या हाडात पू होणं, मेंदूच्या आवरणाला सूज, एकाच हत्यारातून एचआयव्ही किंवा काविळीचा विषाणू दुसऱ्या बाळाला जाणं. उपासमारीत असलेल्या मुलांच्या तोंडात अशी जखम चिघळली तर गालापर्यंत सडत जाणारा नोमा होण्याचीही भीती असते. पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घात वेळ करतो. तीन दिवस ‘दात’ म्हणून घरी थांबायचं, चौथ्या दिवशी वैदू, पाचव्या दिवशी दुखऱ्या तोंडाने बाळ अंगावर पीत नाही, सहाव्या दिवशी रुग्णालय. त्या सहा दिवसांत शरीरातलं पाणी कुठे राहिलं?

जी मुलं यातून निभावतात त्यांच्या तोंडात खूण राहते. कायमच्या सुळ्याचा कोंब दुधाच्या सुळ्याला अगदी चिकटून, आतल्या बाजूला असतो, आणि त्यावर कठीण थर चढायला सुरुवात होते ती बाळ चार-पाच महिन्यांचं असताना. म्हणजे ऐन ज्या वयात तार आत जाते त्याच वयात. तारेला काय कळतं कुठला दात आणि कुठला त्याच्या मागचा? पुण्यात शिकायला येणाऱ्या सुदानी, इथिओपियन, टांझानियन विद्यार्थ्यांची बरीच कुटुंबं आहेत. अशाच एका सुदानी विद्यार्थ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणलं होतं, तक्रार फक्त ‘पुढचे दात वाकडे’. खालचे दोन्ही दुधाचे सुळे नाहीत. पटाशीच्या बाजूच्या दातावर खड्डे आणि पिवळे डाग. क्ष-किरण चित्रात कायमचा सुळा आडवा झोपलेला आणि दुसऱ्या बाजूला दाताऐवजी कठीण कणांचा एक वेडावाकडा गोळा. वडिलांना विचारलं तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, हो, लहानपणी आजीने काढून घेतले होते. त्या मुलावर पुढची चार-पाच वर्षं उपचार चालले. युरोपात आणि इस्रायलमध्ये पूर्व आफ्रिकेतून आलेल्या मुलांच्या तोंडात तिथल्या दंतवैद्यांनीही हेच पाहिलं आणि नोंदवलं आहे.

तरी लोक का करतात? कारण मूल बरं होताना दिसतं. विषाणूमुळे होणारे बहुतेक जुलाब पाच-सात दिवसांत आपोआप ओसरतात. वैदूकडे नेतात तिसऱ्या-चौथ्या दिवशी. दोन दिवसांनी जुलाब थांबले की श्रेय हिरडी फाडण्याला. मूल गेलं तर ‘उशिरा आणलं’. या हिशेबात वैदू कधी हरतच नाही. शिवाय, मनापासून सांगते, तिथल्या कित्येक आया आधी दवाखान्यात येऊन गेलेल्या असायच्या. रांगेत चार तास बसल्या, एक पुडी हातात मिळाली, बाळाला काय झालंय हे कुणी दोन वाक्यांत सांगितलं नाही. म्हातारी मात्र बाळाला मांडीवर घेते, तोंड बघते, नाव सांगते. आम्ही डॉक्टरांनी आईशी बोलायचं टाळलं की ती जागा कुणीतरी भरतंच.

यावर ‘आफ्रिकेतले लोक असेच’ असं कुणी म्हणू नये. युरोपात सोळाव्या शतकात अँब्रोज पारे या नामांकित फ्रेंच शल्यविशारदाने दात येताना हिरडी कापायचा सल्ला दिला आणि पुढची तीनशे वर्षं मोठमोठे डॉक्टर ती कापत राहिले. इंग्लंडच्या १८३९ च्या मृत्युनोंदीत पाच हजारांहून जास्त बाळांच्या मृत्यूचं कारण ‘दात येणं’ असं लिहिलेलं आहे. विसाव्या शतकात तिथे दात येण्यावरच्या पावडरीत पारा असायचा. त्याने बाळांचे हातपाय गुलाबी पडून सोलवटायचे. त्या पावडरी बाजारातून गेल्या त्या १९५४ मध्ये.

आणि आपल्याकडे? सासूबाईंच्या टाकणखाराकडे येते. त्यांचा जीव तुटतोय म्हणूनच त्या सांगताहेत, पण हे करायचं नाही. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. लाही करून फुलवला तरी तो बोरॅक्सच राहतो. बाळाच्या पोटात गेलेला टाकणखार लवकर बाहेर पडत नाही, दिवसागणिक साठतो. १९८३ मध्ये इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात सात बाळांची नोंद आली होती. चोखणीला मध आणि टाकणखार लावून देत होते, आणि सातही बाळांना झटके येत होते. मधाचं तर आणखी वेगळं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही नाही, कारण मधात असणारे बोट्युलिझमचे बीजाणू त्याच्या आतड्यात रुजू शकतात आणि बाळ लुळं पडू शकतं. घरचा असो, जंगलातला असो, महागाचा असो, फरक पडत नाही. दुकानात मिळणारं हिरडी बधिर करणारं बेन्झोकेनचं जेलही नको. त्याने क्वचित रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि बाळ निळं पडतं. दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. दात येताना बाळाच्या गळ्यात घालतात त्या अंबरच्या (पिवळसर खड्यांच्या) मण्यांच्या माळाही त्याच वर्षी त्यांनी धोक्याच्या ठरवल्या, गळ्याला फास बसून बाळ दगावल्यानंतर.

दात येताना खरोखर काय होतं? लाळ गळते, हिरडी शिवशिवते, बाळ किरकिर करतं, मिळेल ते चावतं, एखादी रात्र झोप मोडते. अंग किंचित कोमट लागू शकतं. पण १०१–१०२ ताप, दिवसाला सात-आठ पातळ शी, उलट्या हे दाताचं काम नाही. सहाव्या महिन्याच्या आसपास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, वरचं अन्न सुरू होतं, बाळ रांगतं आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. जुलाब याच वयात जास्त होतात आणि पहिला दातही याच वयात येतो. दोघं एकाच वेळी घरात येतात म्हणून आपण एकाचा आळ दुसऱ्यावर घेतो. कंपालातल्या बाईंचं आणि साताऱ्याच्या आजींचं निदान मुळात एकच आहे, फक्त एकीकडे तार आहे आणि दुसरीकडे टाकणखार.

हिरडी शिवशिवत असेल तर स्वच्छ धुतलेलं बोट दोन मिनिटं फिरवा, किंवा फ्रीजमध्ये गार केलेला (गोठवलेला नव्हे) ओला मऊ फडका चावायला द्या. हनुवटीची लाळ वारंवार पुसा, नाहीतर पुरळ येतं. याहून जास्त काही लागत नाही.

जाता जाता एक. जन्मतःच एखादा दात असलेलं बाळ क्वचित येतं, साधारण दोन-तीन हजारांत एक. आपल्याकडे त्याला अपशकुन मानतात; वरचे दात आधी आले की मामाला वाईट, हे तर घरोघरी ऐकायला मिळतं. असा दात बहुतेक वेळा खरा दुधाचाच असतो. तो फार हलत असेल, गिळला जाण्याची भीती असेल किंवा जिभेखाली जखम करत असेल तरच काढतात, तेही दवाखान्यात, नवजात बाळाला व्हिटॅमिन के दिलंय याची खात्री करून. सुईणीने दोऱ्याने ओढायचा नाही.

शेवटी तुमच्या बाईंबद्दल. त्यांना कामावरून काढू नका आणि रागावूही नका. त्यांच्या मनात बाळाचं भलंच आहे, कदाचित त्यांच्या स्वतःच्या मुलांचंही हेच केलं असेल. पण एक गोष्ट अगदी स्पष्ट शब्दांत, नवरा-बायको दोघांनी समोर बसून सांगा: आम्हाला विचारल्याशिवाय बाळाच्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही आणि त्याला घराबाहेर कुणाकडे न्यायचं नाही. हे गृहीत धरू नका. मी पाहिलेल्या काही बाळांचे सुळे आईवडील कामावर असताना, चांगल्या हेतूने, परस्पर काढले गेले होते. डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर घेऊन जा. मलेरियाचा निकाल, ओआरएस कसं द्यायचं, सगळं त्यांच्यासमोर होऊ द्या. लुगांडा बोलणारी नर्स असेल तर तिलाच समजावायला सांगा. ओआरएस पाजायचं काम त्यांच्याच हाती द्या.

समजा काही आधीच झालं असेल, म्हणजे हिरडीवर चीर, रक्त किंवा काळा डाग दिसला, तर लपवू नका आणि कुणावर ओरडण्यात वेळ घालवू नका. हळद, राख, मीठ काही भरू नका. स्वच्छ कापडाची घडी हलकेच दाबून धरा आणि रुग्णालयात जा. हिमोग्लोबिन तपासून घ्या, धनुर्वाताच्या लसी कुठवर झाल्या ते दाखवा आणि डॉक्टरांना ‘एबिन्यो काढलं’ इतकं सरळ सांगा. तिथल्या डॉक्टरांना तो शब्द पुरतो.

पहिल्या वाढदिवसाच्या आसपास बाळाला एकदा दंतवैद्याला दाखवा. खालचे पटाशीचे दात तोवर आलेले असतील. दीड वर्षाच्या पुढेमागे, पहिल्या दाढा आल्यानंतर, हे दोन फुगवटे फुटून सुळे वर येतील. त्या दिवशी बाईंना हाक मारा आणि बाळाचा ओठ त्यांनाच उचलून बघू द्या.